मधली चित्रं

"अरे, काका गेले..." मेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. काका म्हणजे एन्झो, इथे अमेरिकेत, बॉथेलमधले आमचे इटालियन शेजारी. ऐंशी ओलांडलेल्या या गोऱ्या गृहस्थांना काका म्हणायला मेधानेच, माझ्या बायकोने, सुरुवात केली, आणि त्यांनी ते निमूट मान्य केलं. "तिच्यापुढे तू तरी बोलतोस का?" असं मलाच विचारलं होतं.

आधी मिलानच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्रं, मग टीव्हीच्या जाहिरातींसाठी हलती चित्रं, मग अमेरिकेतला स्टुडिओ... जन्मभर कागद आणि पेन्सिल. कॉम्प्युटर आले तसा स्टुडिओने कागदवाल्यांना नारळ दिला. तरी काका घरी बसून काढतच राहिले. शेवटची काही वर्षं एकच छोटी फिल्म चालली होती. त्यांची दिवंगत पत्नी लुचिया ओट्यापाशी पाठमोरी उभी आहे, हाक ऐकून वळते, बस्स. त्यांच्या धंद्यात मुख्य चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढतो, मधली चित्रं हाताखालची माणसं भरतात. काकांनी दोन्ही टोकं काढून ठेवली आणि हाताला कंप सुटला. हाताखाली तर कधीचंच कुणी उरलं नव्हतं.

"काका, मधलं सगळं कॉम्प्युटर जनरेट करेल, मी करून आणतो," मी म्हणालो आणि खरंच करून नेलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

"छान वळते," ते म्हणाले. "पण ही कोण?... लुचिया आधी हसायची, मग वळायची. पाठमोरी असली तरी खांद्यांवरून मला कळायचं."

"म्हणजे कसं? दाखवा ना."

त्यांनी पेन्सिल उचलली. खांद्याची रेघ भलतीकडेच गेली. त्यांनी पेन्सिल हळूच खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

इटलीहून आलेल्या भाचीने घर रिकामं केलं आणि ती दोन चित्रं आम्हाला दिली. मेधा म्हणाली, "फ्रेम करून लावूया का?" मी नको म्हटलं. हालचाल तपासायला काका धरायचे तसे ते कागद बोटांत धरून मी अधूनमधून उलटतो. पाठमोरी... समोर. पाठमोरी... समोर. या दोन कागदांच्या मध्ये कुठेतरी लुचिया हसते, एवढं मला ठाऊक आहे. कशी हसते, ते सांगू शकणारा माणूस गेला.