अकराचा भोंगा माझा

करी रोडच्या आमच्या चाळीत घड्याळ एकाच घरात होतं, तेही बंद पडलेलं. त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. आजूबाजूला इतक्या गिरण्या की पहाटेपासून कुठला ना कुठला भोंगा व्हायचाच, आणि कुठला कितीचा हे शेंबडं पोरही सांगे. म्हणून तळमजल्यावरच्या काकांची कूस बदलायची वेळ मी भोंग्यांवर बांधली.

काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. तिथल्याच शिडीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. बायको मालवणकडे, गावी, शेती आणि म्हातारी सासू सांभाळत होती. इथे पाच कामगारांच्या गाळ्यात काका दिवसभर एकटे पडून असत. इस्पितळातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, दर दोन-अडीच तासांनी कूस बदला. त्यांना दुखणार नाही, पण कातडी फाटेल, आणि फाटली की भरणार नाही.

रात्र गाळ्यातले सोबती सांभाळत. दिवस आमच्याकडे आला. मी एकोणीस वर्षांची होते, वडिलांनी आणलेली पत्रकं वाचून वाढलेली, आणि माणसं जोडली की सगळं होतं यावर माझा विश्वास होता. गाळ्याच्या दारावर खडूने वाटणी लिहिली. सकाळचे दोन भोंगे शेजारच्या वहिनींचे, अकराचा माझा, दीडचा खानावळवाल्या मावशींचा, साडेतीनचा समोरच्या चाळीतल्या एका बाईंचा. ते जड अंग एकट्याला वळत नसे. ज्याचा भोंगा त्याने दुसऱ्या कुणाला हाक मारायची, असं ठरलं. महिन्याभरात ते बोलण्यातच बसलं. "तुझा भोंगा झाला गो, वेणी कसली घालतेस?"

समोरची चाळ जयभीमवाल्यांची. त्या बाईंनी साडेतीनचा भोंगा स्वतः मागून घेतला तेव्हा मावशी कुरकुरल्या, "म्हणजे आता हिचा हात लागणार?"

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथूनच म्हणाले, "कमरेखाली माका कोणाचोच हात कळणा नाय, मावशी. तुमचोव नाय."

त्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मावशी हसल्या नाहीत, पण पुढच्याच आठवड्यात दोघी मिळून काकांना वळवत होत्या आणि कालवणात कोकम किती घालावं यावर भांडत होत्या.

वर्षभर काकांच्या पाठीवर लाल डागही उठला नाही.

मग हरताळ आला. मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी होती, आजही मी तेच म्हणेन. आदल्या दिवशी मी घरोघर पत्रकं वाटली. उद्या एकही भोंगा होता कामा नये, हे त्यातलं वाक्य मीच लिहिलेलं होतं.

झाला नाही. सगळं गिरणगाव गप्प होतं. पहाटे सोबत्यांनी काकांना डाव्या कुशीवर वळवलं आणि ते मोर्चाला गेले. वहिनी गेल्या, मीही गेले. लालबागच्या नाक्यावर एका पेटीवर उभी राहून मी बायकांना सांगत होते, ऐका, आज काहीच ऐकू येत नाही, हा आपला विजय आहे. तेव्हा अकरा वाजून गेले असतील. मला कळलं नाही. कळायला जे लागायचं ते आम्हीच बंद केलं होतं.

मावशी चाळीतच होत्या, मोर्चेकऱ्यांसाठी भाकऱ्या थापत. आपला भोंगा अजून व्हायचाय, या समजुतीत त्या राहिल्या. दुपारी लाठ्या चालल्या, रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी राहिली, आणि समोरच्या बाईंना कुणी रस्ता ओलांडू दिला नाही. मी दिवेलागणीला परतले तेव्हा काका त्याच डाव्या कुशीवर होते. अंगाखाली गोधडीची चुणी पडलेली होती.

"काका, हाक का नाही मारलीत? मावशी घरातच होत्या."

"सगळे गप्प असत," ते म्हणाले. "म्हटला, आपणव गप्प ऱ्हवूया. माझो तेवढोच हरताळ."

ते हसत होते. मी आणि मावशींनी त्यांना वळवलं. कमरेवर तळहाताएवढा डाग होता, जांभळा. मावशींनी त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

आठ दिवसांत तो काळा पडला, मग उघडला. आम्ही रोज इस्पितळात नेऊन पट्टी बदलली. कुणीतरी गजराचं घड्याळ आणलं. दर दोन तासांनी ते कर्कश वाजे आणि चार-चार माणसं धावत. जखम हाडापर्यंत गेली. मग गावाहून काकांचा भाऊ आला. मी त्याला आमची वाटणी समजावून सांगितली, आता चूक होणार नाही म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी खूप केल्यात," तो म्हणाला. "पण आता त्याका घराक नेतंय."

भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढवल्यावर मी आणि समोरच्या बाईंनी काकांना वळवलं, भावाला शिकवायला म्हणून. काका म्हणाले, "बघ रे नीट, माझ्या मास्तरणी असत."

दोन महिन्यांनी काकांच्या बायकोचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. दीर कामाला गोव्याकडे गेला, सासू अंथरुणाला खिळली. तुम्ही यांना एकट्याने कसं वळवत होता ते कळवा, मला जमत नाही.

आम्ही एकट्याने कधीच वळवलं नव्हतं. पत्रकाची चार पानं मी एका बैठकीत लिहीत असे. त्या पोस्टकार्डाला तीन दिवस लागले. शेवटी एवढंच लिहिलं, की एकट्याने होत नाही, शेजारणीला हाक मारा.

उत्तर पावसाच्या तोंडावर आलं. शेजारचं घर पऱ्ह्यापलीकडे, ओढ्याच्या पल्याड आहे, मास्तरांनी लिहिलं होतं, हाक पोचत नाही. काकांची बायको रोज मारत होती. गेल्या सोमवारपासून मारत नाही, त्यांना वळवायचं आता उरलेलं नाही.