विरजणावरची जकात

लग्नानंतर वर्षभरातच आम्ही वडिलांच्या घरात चूल वेगळी केली. मधे एक दार. पलीकडे आई-वडील, अलीकडे आम्ही दोघं. सुनेनं वेगळं निघायला लावलं, असं सगळ्यांनी धरून घेतलं. मी ते खोडलं नाही.

नव्वदीची सुरुवात होती. परदेशी माल येणार म्हणून वसमतच्या मोंढ्यातसुद्धा चर्चा चालायची. मी शाळेत इतिहास शिकवायचो. वडिलांना सहज सांगितलं, की अमेरिका स्वतंत्र झाली तरी तिला इंग्लंडच्या ताब्यातल्या दूरच्या बेटांवर धान्य, लाकूड विकायचं होतं. इंग्लंड म्हणालं, माल चालेल, पण आमच्याच जहाजातून. तुमची जहाजं बंदरात नकोत. वडील निवृत्त कारकून. त्यांना हा कायदा फार आवडला.

दुसऱ्या दिवशी बायको वाटी घेऊन विरजण मागायला मधल्या दारात गेली. बाजेवरून वडिलांचा आवाज आला, "तुमची वाटी इकडं न्हाई चालायची. माल आमच्या जहाजातून येईल."

जहाज म्हणजे आई. ती विरजण घेऊन आली, जकात म्हणून चहा प्याली, गप्पा मारून सावकाश परतली. मग रोजच येऊ लागली. बायकोनंही तिच्याकडून उलटा निरोप धाडला: माहेरची हळद पाहिजे तर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः यावं. वडील डबा घेऊन उंबऱ्याशी थांबायचे, "बंदर खुलं हाय का?" एकत्र होतो तेव्हा घरात इतकं हसू कधी नव्हतं.

अशाच एका सुटीच्या दुपारी, आम्ही चहाला बसलेलो आणि वडील डबा घेऊन उभे असताना, आईनं बायकोला विचारलं, "एवढं गोड हाय, तर काहून वेगळी निघालीस गं?"

तिनं मान खाली घातली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

वेगळं मला व्हायचं होतं. माझ्या ताटात किती वाढायचं तेही वडील ठरवायचे, आणि मला घरधनी व्हायची हौस. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून 'तिला जड जाऊन राहिलं' असं पुटपुटलो होतो. तिनं ते निमूट अंगावर घेतलं.

"मी म्हणालो होतो. तिनं न्हाई," माझ्या तोंडून निघालं.

वडिलांनी हातातला डबा उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी इतके दिवस मी चुकीच्या देशावर जकात लावून राहिलो व्हय?"

आईनं माझ्यापुढचा चहा उचलून बायकोसमोर ठेवला. बायकोनं सासऱ्यांसमोर पहिल्यांदाच मान वर केली. "मामा, मंग माझी नुकसानभरपाई?"

वडिलांनी माझ्याकडं बोट केलं. "हा ठेवून घे. परत आणलास तर घेणार न्हाई."