पहिला बाण खाली

आमच्या आत्याचा पहिला बाण नेहमी खाली. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची एकपदरी जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. त्यात दोन परके चुंबकी अणू बसवायचे आणि ते लांबूनही एकमेकांना कसे वळवतात याचं गणित करायचं, ही तिची नोकरी. जाळीत जागा दोन प्रकारच्या. दोघं एकाच प्रकारच्या जागेवर बसले तर तोंडं एकीकडे. वेगवेगळ्या जागांवर बसले तर भांडलेल्या जावांसारखी उलटी. तोंड दाखवायला बाण. सगळं जग पहिला बाण वर काढतं.

"दोघांचं आपसात काय, तेवढंच महत्त्वाचं," आत्या म्हणायची. "पहिला कुठं बघतो याला कोण विचारतंय?"

तिच्या विभागात, एकाच खोलीत बसणारी जोडीदारीण म्हणजे अय्याबाई. हे नाव आमचं. तिचं प्रत्येक वाक्य 'अय्या'नं उघडायचं. दोघींचा नियम होता: आत्या हातानं गणित करणार, अय्याबाई संगणकावर, आणि दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत बाहेर चकार शब्द नाही. जाळी ताणली की त्या दोन अणूंचं नातं कसं बदलतं, हे आत्यानं शोधलं होतं. त्यावर लेख छापून आला की तिची नोकरी कायम होणार होती.

"अय्या, जुळतच नाही गं! तुझंच कुठंतरी उणेचं अधिक झालंय." आमच्याकडे जेवायला बसूनही हेच, वर दुसऱ्यांदा भात वाढून घेत. आत्या बिचारी भांडी घासतानासुद्धा चिन्हं तपासायची.

मग अय्याबाईचं व्याख्यान ठरलं. मैत्रिणीला धीर द्यायला आत्या पहिल्या रांगेत. पडद्यावर आली ताणलेली जाळी, त्यात दोन अणू. पहिला बाण खाली.

प्रश्नांची वेळ झाल्यावर आत्या उभी राहिली. "पहिला बाण खाली का?"

"अय्या, सवय!"

"कुणाची?"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. "म्हणजे, त्याचं असं आहे, म्हणजे, चहा गार होतोय." हशा. वर टाळ्या.

जिन्यात अय्याबाईनं तिला गाठलं. "अय्या, रागावलीस? लेख छापायला गेलासुद्धा. तुझं नाव घातलंय की, आभारात!"

"जुळलं कधी?"

"पहिल्याच खेपेला." हे मात्र 'अय्या'शिवाय.

घरी बाबा तडतडले. "ताई, तिथंच झाडायचं होतंस तिला!"

"ती नाही जुळत म्हणाली, आणि मी मलाच खोटं धरत बसले रे," आत्या म्हणाली. "तिच्यावर एकदाही शंका घेतली नाही."

ती कोरा कागद घेऊन बसली, तोच फोन. "अय्या, पुढचं गणित करतेयस ना?"

"करतेय. जुळवायला दुसरं माणूस बघितलंय."

"अय्या, कोण?"

आत्यानं फोन ठेवला. दुसरं माणूस कुणीच नव्हतं. कागदावर पहिला बाण काढून झाला होता, खाली. दुसरा अणू कुठं बसवावा, हे काही तिचं ठरेना.