फोनवरची फोडणी

एव्हरशाईन सिटीत आमच्या मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता, म्हणून शेजारच्या काकूंच्या मस्कतमधल्या मुलाचा फोन दर रविवारी आमच्याकडेच यायचा. काकू वाटीत ठेचलेला लसूण घेऊनच यायच्या. रिसीव्हर वायरीसकट ओट्यापर्यंत ओढायच्या, मला न विचारता माझ्याच आमटीला फोडणी द्यायच्या आणि रिसीव्हर कढईजवळ धरायच्या.

"ऐकलंस? आता सांग, जेवलास का?"

लसूण मला आवडत नाही. मी धुसफुसायची.

पुढे त्यांनी स्वतःचा फोन घेतला, पण मुलाचे फोन हळूहळू थांबले.

एका रविवारी आमचा फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना, नुसती मोहरी तडतडत होती.

"काकू," मी म्हटलं, "आमटी उकळतेय. लसूण घेऊन या."