भाऊंचा अकराचा स्पीड

"लोड किती?"

फोन उचलला की भाऊंचा पहिला शब्द हाच. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. चहाच्या टपरीवर गर्दी दिसली तरी, "काय रे, लोड किती आज?" दीपनगरच्या पॉवर स्टेशनात कंट्रोल रूममध्ये उभी नोकरी काढलेली. रिटायर होऊन जळगावला घर बांधलं, पण माणूस अजून ड्यूटीवरच! बसायचाच नाही. हात मागे बांधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घड्याळ बघायचं, परत फिरायचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्याकडे बघूनच आपल्याला धाप लागते.

माझं काम कॅमेरे बसवणं, नेटवर्क टाकणं. भाऊंची ओळख अशीच झाली, आणि मग मी त्यांचा पर्मनंट झालो. आठवड्यातून दोन फोन ठरलेले. भाऊंना व्हिडिओचा नाद होता. स्टेशनच्या कॉलनीत कोणाचं बारसं असो, गणपती असो, भाऊ कॅमेरा घेऊन हजर. त्या सगळ्या टेपा त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि वरच्या खोलीत एका स्टोरेजच्या डब्यात ठेवल्या. मूळ टेपा बुरशी लागून कधीच गेल्या. तो डबा म्हणजे घरातल्या घरात फाइली ठेवायची जागा, कुठल्याही खोलीतून उघडता येते. कॉलनीतली माणसं आता पुण्याला, नाशिकला पांगली. त्यांचे फोन यायचे, "भाऊ, आमच्या बाबांचा एखादा फोटो?" आणि भाऊ शोधून द्यायचे.

एका मंगळवारी सकाळी फोन आला. लोड किती वगैरे काही नाही. "डबा वाजतोय. ये."

गेलो. डब्यातून टक्, टक् आवाज. जुनी हार्डडिस्क मरायला लागली की अशीच वाजते. मी म्हटलं, "भाऊ, बंद करा, डिस्क काढून बघू."

"अजिबात नाही! चालू मशीन बंद करायची नाही. एकदा बंद पडली की परत उठेल कशावरून?"

हे त्यांचं बरोबर होतं. मरायला टेकलेली डिस्क बंद केली तर परत फिरेलच असं नाही. म्हणजे डबा चालू ठेवूनच सगळा माल वायरवरून नव्या डब्यात काढायचा. नवा डबा मी आधीच खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावला होता. माल होता अडीच टीबी.

आणि घाई वेगळ्याच कारणाची होती. भाऊंच्या शिफ्टमधला एक जोडीदार होता, मुलगी आठ महिन्यांची असताना हार्ट अटॅकनं गेला. त्या मुलीचं रविवारी धुळ्याला लग्न. बापाचे फोटो तिच्याकडे होते, आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. तो आवाज कॉलनीच्या गणपतीच्या एका टेपेत आहे, एवढं भाऊंना पक्कं आठवत होतं. पण कुठल्या? फाइलींना नावं होती 'ए शिफ्ट टेप ४१', 'बी शिफ्ट टेप ७'. आजारी डिस्कवर शोधत बसलो तर तिथेच तिचा जीव जायचा. आधी सगळं बाहेर काढायचं, मग शोधायचं. मुलीच्या आईचा धुळ्याहून दिवसातून तीनदा फोन. "भाऊ, सापडनं का?"

कॉपी लावली. स्पीड सेकंदाला अकरा एमबी. हिशोब केला तर जवळजवळ पावणेतीन दिवस! डिस्क तेवढी टिकणार नव्हती.

इथं मी माती खाल्ली. मला वाटलं, प्रोटोकॉलची गडबड आहे. प्रोटोकॉल म्हणजे दोन डबे एकमेकांशी कुठल्या पद्धतीनं बोलणार ते. विंडोजवाल्यांची पद्धत एसएमबी, लिनक्सवाल्यांची एनएफएस, आणि जुनी एफटीपी. आदल्या आठवड्यातच मी यावर ढीगभर व्हिडिओ बघितले होते, नुसता फुरफुरत होतो. एसएमबी काढून एनएफएस लावलं. अकरा. एफटीपी लावलं. अकरा! सेटिंग बदल, कॉपी थांबव, परत सुरू कर. भाऊ मागे फेऱ्या मारतायत.

"कितीवर?"

"अकरा."

"आता?"

"अकराच भाऊ."

"अरे, एसटीचा लाल डबा असो की स्लीपर कोच, रेल्वेचं फाटक बंद असलं की दोन्ही उभेच ना?"

मी हसलो. म्हटलं, "भाऊ, हे सॉफ्टवेअर आहे."

मंगळवार पूर्ण त्यात गेला. बुधवारी सकाळी माझं लक्ष नव्या डब्याच्या मागच्या लाइटकडे गेलं. हिरवा पाहिजे, तो होता पिवळा. म्हणजे वायरच अर्धी चालतेय! वर जाऊन भिंतीतलं सॉकेट उघडलं. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. चारवर काम चालतं, पण सावकाश. फुल स्पीडला आठही लागतात. भाऊंनी चारच जोडल्या होत्या. आणि उरलेल्या चार?

"त्या होय? त्या बेलच्या."

खाली स्वयंपाकघरात बटण, वर भाऊंच्या खोलीत बेल. काकूंचे गुडघे गेलेले, जिना चढवत नाही. एक बेल म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे कोणीतरी आलंय.

"भाऊ! नेटवर्कच्या वायरीत कोणी बेल टाकतं का?"

"स्पेअर कोर होता. मोकळा सोडायचा? आमच्याकडे कोणी सोडत नव्हतं."

पॉवर स्टेशनचा माणूस. वायर त्यानं स्वतः भिंतीत ओढलेली, आणि रिकामी तार त्याला बघवत नाही. मी म्हटलं, मग बेल तोडावी लागेल. तेवढ्यात खालून काकू ओरडल्या, "तोडा ना ती! मी काय मुकी आहे का? हाक मारीन!"

भाऊंनी पक्कड घेतली आणि स्वतःच्या हातानं तोडली. दोन्ही टोकांना आठ तारा बसवल्या. बाराला कॉपी नव्यानं सुरू केली.

"एकशे आठ!" मी किंचाळलोच.

भाऊंनी घड्याळ बघितलं. "साडेसहाला सेट मोकळा." म्हणजे तोवर कॉपी पूर्ण.

तेव्हा मी यादी नीट बघितली. कॉपी कुठल्या क्रमानं जाणार ते भाऊंनी लिहून दिलं होतं. सगळ्यात आधी कॉलनीच्या टेपा, मग एकेका कुटुंबाचं नाव. सगळ्यात खाली फोल्डर, 'घर'.

"हे वर घेऊ का भाऊ?"

"घरचे शेवटच्या पंगतीला बसतात. कोणी शिकवलं नाही का तुला?"

सहाला टक् टक् थांबलं. कॉपीचा बार हललाच नाही. मी बटणं दाबतोय. भाऊ पहिल्यांदा एका जागी उभे.

"धुळ्याचं आलं?"

"कॉलनीचं सगळं आलं भाऊ. फक्त..."

"झालं मग," म्हणाले आणि खाली गेले.

अर्धा तास कमी पडला. मंगळवारचा अख्खा दिवस मी प्रोटोकॉल खेळत घालवला होता. नवा डबा उचलून वर नेला असता आणि जुन्याशेजारी ठेवून एक मीटरची वायर लावली असती, तरी भागलं असतं. हे मला आता सुचतं. रोज सुचतं.

शुक्रवारी टेप सापडली. कॉलनीचा महाप्रसाद, हातात भाताचं पातेलं घेतलेला एक तरुण माणूस कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "अरे, ते बंद कर, आधी वाढायला ये. भात थंड होतोय." बस, एवढंच.

रविवारी धुळ्याला भाऊंनी मला सोबत नेलं. मुलीच्या दोन्ही हातांत वरमाला, म्हणून आईनं मोबाइल तिच्या कानाशी धरला. आई रडत म्हणत होती, "हाऊच शे, हाऊच आवाज!" हाच तो आवाज. मुलगी रडली नाही. "आणखी एकदा," म्हणाली. मग परत, "आणखी एकदा." भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. हात मागे नव्हते.

सोमवारी मी माफी मागायला गेलो. 'घर'मध्ये काय होतं ते मला वाटेत त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं. त्याचं पहिलं पाऊल, बहिणीचं बारसं, तरुणपणीच्या काकू झोपाळ्यावर गाणं म्हणताना. काय बोलायचं ते जुळवत मी दारात थांबलो.

भाऊ स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. चक्क बसलेले! मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून काकूंकडे वळवलेला, व्हिडिओ सुरू.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? भाजी करपून ऱ्हायली, ते बोलू?"

"तेच बोल," भाऊ म्हणाले आणि मोबाइल जरा सरळ केला.