खाली कोण हुता?

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर आमचा एकच वाद चालायचा, जुन्या पैलवानांत सगळ्यात थोर कोण. दर शनिवारी तिथं पन्नाशीचा एक माणूस यायचा. मांडीवर औषधांची पिशवी घट्ट धरून तो बशीतल्या चहावर फुंकर घालत बसायचा आणि नेसरीची गाडी लागली की न बोलता उठून जायचा.

एकदा माझा मित्र एका नामांकित पैलवानाची कुस्ती रंगवून सांगत होता. "काय उचलून आपटला! सगळं मैदान उभं राहिलं हुतं!"

त्या माणसानं बशी खाली ठेवली. "पावणं, त्या कुस्तीत खाली कोण हुता?"

मित्र गडबडला. "असंल की कोणतरी."

"माझा थोरला भाऊ. मान मोडली त्याची. तवापासनं अंथरुणात हाय, कूस बी मीच बदलतोय." आवाजात राग नव्हता. "तुमचा पैलवान थोर हुताच, न्हाय म्हणत न्हाय मी."

मी हळूच भावाचं नाव विचारलं. त्यानं ते गावासकट सांगितलं आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. आम्ही जन्मभर मैदानं बघितलेली माणसं. पण ते नाव ऐकल्याचं कुणालाच आठवेना.

त्यानं पिशवी उचलली. "घरी सांगतो त्याला," तो म्हणाला, "कोल्हापुरात अजून तुझं नाव काढत्यात म्हणून."