सुभेदारांनी रद्द केलेला ट्राय

सुभेदारांना कोणी शंका विचारलेली खपत नसे. फौजेत रग्बी खेळून निवृत्त झाल्यावर ते मलकापूरला आमच्या शेजारी राहायला आले. आम्हा पोरींना तो लांबोळका चेंडू घेऊन पळायला त्यांनीच शिकवलं, आणि जवळपास दुसरं कोणी नसल्यामुळे सामन्यांत पंचही तेच असत. शिट्टी वाजली की विषय संपला. कोणी तोंड उघडलंच तर अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडायचे, "चूप! पंच मी हाय का तू?"

टीव्हीवरच्या सामन्यात पंच खेळ थांबवून तोच क्षण पुन्हा पडद्यावर बघू लागला, की त्यांचं डोकं फिरायचं. "चुगलखोर यंत्र! मग देवानं डोळं कशाला दिल्यात?"

सांगलीत आटपाडीच्या मुलींशी अंतिम सामना होता आणि तिथंही पंच सुभेदारच होते. जिंकलो तर राज्याच्या शिबिराला जायला मिळणार होतं. अगदी शेवटी मी रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला. यालाच रग्बीत ट्राय म्हणतात. सुभेदारांनी हात वर केला. आम्ही नाचायला लागलो, तोच आटपाडीचे मास्तर धावत आले.

"चेंडू आधीच सुटलाय हातातनं. व्हिडिओ बघा."

त्या वर्षी संयोजकांनी पहिल्यांदाच कॅमेरा लावला होता. सुभेदार भडकले, नकोच म्हणाले. पण कोणी हरकत घेतली तर व्हिडिओ बघायचाच, असं आधी ठरलं होतं. ते तरातरा पडदा ठेवलेल्या मांडवात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले आणि त्यांनी ट्राय रद्द केला.

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. "आबा, मी टेकवलाय चेंडू! तुमीच त्याला चुगलखोर म्हणत हुता न्हवं?"

"चुगलखोरच हाय," ते म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पण खोटं न्हाई बोललं."

हरून परतताना बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. गावात त्यांना फितूर म्हणू लागले. माझ्या वडिलांनी दोन घरांमधलं फाटक तारेनं बांधून टाकलं. आम्ही पोरींनी सराव सोडला. सुभेदार मात्र रोज सकाळी मैदानावर जाऊन फक्कीच्या रेषा मारायचे, थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे.

एकदा फाटकापलीकडून त्यांनी मला हाक मारली. "राग माझ्यावर काढ, पोरी. खेळावर काढू नगंस."

मी त्यांच्याकडे पाठ फिरवून घरात गेले.

पुढे घर विकून ते लेकीकडे पुण्याला निघाले. दारात टेम्पो भरला जात होता, तरी आमच्या घरातून कोणी बाहेर डोकावलं नाही. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर त्यांचा मेसेज आला. सोबत मांडवातल्या पडद्यावरचा तो व्हिडिओ होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं, 'एकदा बघ. मग काय त्या शिव्या दे.'

शिव्या मी दिल्या, पुष्कळ दिल्या. व्हिडिओ मात्र आजवर उघडलेला नाही.